कोंबड्यात कोण राह्यलं?

किस्से ठरवून जमत नाहीत. लग्नघराच्या दारात चपला साचतात ना, कोणाच्या कोणत्या ते कळत नाही पण ढीग होतो, तसं आमच्या वाचनालयाच्या ओसरीवर किस्स्यांचं झालं आहे. पेपर वाचायला आलेला माणूस पेपर उघडतो, वरची मोठी बातमी पाहतो, घडी करून ठेवतो अन् म्हणतो, "वयनी, ते कोंबड्यात म्हैस नेलती, ते माहीत आहे का तुमाले?" मला पाठ असतं. तरी मी नाही म्हणते. दर वेळी म्हैस थोडी मोठी झालेली असते.

आधी कोंबडा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुमचंही माझ्यासारखं होईल.

देवळीकडून एस.टी. आली की आमच्या गावात स्टँडवर उतरल्याबरोबर समोर जी लांबलचक कौलारू इमारत दिसते, तो कोंबडा. इंग्रजांच्या काळात शाळा म्हणून बांधलेली. हातभर जाड भिंती, कमानी, उंच छत, अन् एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओसरी. छताच्या मध्यावर एका लोखंडी दांडीवर पत्र्याचा कोंबडा होता, वारा कुठून येतो ते दाखवायला. कोणत्या साहेबाने बसवला, देव जाणे. साहेब गेला, इंग्रज गेले, दांडी गंजली, अन् कोंबडा देवळीकडे तोंड करून कायमचा अडकला. वारा वर्ध्याकडून येवो की यवतमाळकडून, हा आपला देवळीकडेच पाहणार. गावातले म्हातारे म्हणत, त्याला वाऱ्याचं काही नाही, तो एस.टी.ची वाट पाहून राह्यला.

पुढे एका उन्हाळ्यात वादळ आलं अन् कोंबडा उडून गेला. नाव तेवढं राहिलं. आजवर त्या इमारतीवर किती खात्यांचे बोर्ड लागले अन् निघाले! गावाने एकही वाचला नाही. शाळा होती तेव्हाही कोंबडा, गोदाम झालं तेव्हाही कोंबडा, अन् आता मी तिथल्या समोरच्या खोलीत वाचनालय चालवते, तरी लोक विचारतात, "वयनी, आज कोंबडा उघडा आहे का?"

* * *

माझं माहेर सेलूचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझे सासरे, म्हणजे मामाजी, त्याच शाळेत शिक्षक होते. गावाचे ते गुरुजी. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं, पण वर्गात आवाज असा की स्टँडवरचा कंडक्टरसुद्धा पाढे म्हणायचा.

हळद उतरायची होती अजून माझी. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सकाळी भाकरी अन् भरल्या वांग्याची भाजी डब्यात भरली, माझ्या हातात दिली अन् सांगितलं, "हे कोंबड्यात देऊन येजो. फार वेळ नोको लावू."

मी नवी नवरी. उलट विचारायची सोय नाही. मनात आलं, इथली माणसं भारी दिलदार दिसतात, कोंबड्यांना भरली वांगी! शेजारच्या काकूंच्या परसात खुराडं होतं. मी पदर सावरून गेले, डबा उघडला, भाकरी नीट कुस्करली, भाजी कालवली अन् सगळं खुराड्यात वाढून आले. कोंबड्याही माझ्याकडे बघतच राहिल्या असतील.

मामाजी संध्याकाळी उपाशी घरी आले. आत्याबाईंनी मला विचारलं, मी खरं ते सांगितलं. मला वाटलं आता सेलूला परत पाठवतात. मामाजींनी हातपाय धुतले, पाटावर बसले अन् अगदी गंभीरपणे विचारलं, "सूनबाई, कोंबड्यायले मीठ बरोबर लागलं का?"

त्या दिवसापासून हा माणूस मला आवडला. सासरा म्हणून नंतर, आधी माणूस म्हणून.

* * *

आता सुदामभाऊंचा किस्सा. हा गावात सगळ्यांना येतो, कारण सुदामभाऊंनी स्वतःच तो गावभर केला.

सुदामभाऊ म्हणजे आमचे आत्ताचे नगराध्यक्ष. त्यांचं घर भाजीपाल्याचं. बाप पहाटे भाजी तोडायचा अन् बैलबंडीने बाजारात न्यायचा. सुदाम मामाजींच्या वर्गात होता अन् त्याला एकच गोष्ट खुपायची, पत्र्याचा कोंबडा देवळीकडेच का पाहतो. एक दिवस मधल्या सुट्टीत पोरगं कौलांवर चढलं अन् त्याने सगळा जोर लावून गंजलेला कोंबडा आपल्या बापाच्या वांग्याच्या वाडीकडे वळवायला घेतला. कोंबडा हलला नाही. कौलं मात्र खाली आली.

मामाजींनी त्याला वर्गाच्या कोपऱ्यात नेलं. "तुले कोंबडा फिरवाचा आहे न? आधी स्वतः हो." म्हणजे उकिडवं बसायचं, पायांखालून हात घालायचे अन् आपलेच कान धरायचे. गुरुजी उठ म्हणेपर्यंत तसंच राहायचं. कोंबड्यात कोंबडा झालेली पोरं आमच्या गावात पुष्कळ आहेत, त्यात काही विशेष नाही.

विशेष पुढे झालं. तेवढ्यात घरून निरोप आला की आत्याबाईंना कळा सुरू झाल्या आहेत. मामाजींनी खडू तिथेच टाकला, सायकल काढली अन् गेले. आत्याबाईंना तसंच बैलबंडीत घालून वर्ध्याला नेलं. तिथे आमचे हे जन्मले.

इकडे शाळा सुटली. पोरं पळाली. त्या काळी कोंबड्याला कुलूप नव्हतं, कोणी पाहायला येत नव्हतं. दिवेलागणीला सुदामचा बाप हाका मारत आला तर पोरगं कोपऱ्यात कान धरून बसलेलं.

"कायले बसला बे?"

"गुरुजीनं उठ नाई म्हटलं."

पाय असे आखडले होते की सरळच होईनात. बापाने त्याला तसाच उचलला, भाजीच्या टोपल्याजवळ बंडीत ठेवला अन् घरी नेलं. वाटेत जो भेटेल तो विचारे, आज बाजारातून कोंबडा आणला काय!

मामाजी काही दिवसांनी पेढे घेऊन शाळेत आले. मुलगा झाल्याच्या आनंदात त्यांनी सुदामलाही पेढा दिला. सुदामने खाल्ला. विषय संपला.

पण सुदामभाऊंनी तो संपू दिला नाही. आमच्या ह्यांच्या प्रत्येक वाढदिवसाला ते येत अन् म्हणत, "याच्या जन्मापाई मी आजवर कोंबडाच आहो. गुरुजीनं मले अजूनपावतर उठ म्हटलं नाई." निवडणुकीला उभे राहिले तेव्हा प्रचारात हेच सांगितलं, अन् लोकांनी निवडून दिलं. सगळे पोट धरून हसत. मामाजी तेवढे हसत नसत. तो किस्सा सुरू झाला की ते पाणी प्यायला म्हणून आत जायचे अन् किस्सा संपल्यावरच बाहेर यायचे.

सुदाम असा बसून राहिला त्या दिवसापासून कोंबड्याला कुलूप आलं, अन् ते रोज मामाजी स्वतः लावायचे, सगळ्या खोल्या पाहून. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्यांना घरी यायला उशीर व्हायचा. आत्याबाई म्हणायच्या, "खोल्या पाहून येते तो माणूस. भाजी गरम नोको करू इतक्यात."

* * *

मामाजी निवृत्त झाले अन् शाळाही नव्या इमारतीत गेली. कोंबडा रिकामा. सरकारी इमारत रिकामी म्हटलं की एकेक खातं येऊन बसतं.

पहिला आला जनावरांचा दवाखाना. डॉक्टर कोल्हापूरकडचा, तरुण, नुकताच नोकरीला लागलेला. पहिल्या दिवशी स्टँडवर उतरून दवाखाना कुठे आहे विचारतो, तर कोणालाच माहीत नाही. बिचारा कोंबड्यासमोरच्या टपरीवर चहा पीत उभा, अन् त्याला फोन आला.

"साहेब, लवकर या. माही म्हैस अडली आहे."

"कुठे आहे म्हैस?"

"कोंबड्यात आहे."

डॉक्टरने फोन कानापासून दूर धरून पाहिला. "कोंबड्यात म्हैस कशी राहील हो?"

"उभी आहे साहेब."

"कोंबडा केवढा आहे?"

"लय मोठा आहे. अजून चार बैल मावतीन."

टपरीवाल्याने त्याचा चेहरा पाहिला अन् हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. म्हैस सुखरूप व्याली. पुढे त्या डॉक्टरची बदली झाली तेव्हा जाताना तोच सगळ्यांना सांगत होता, "कोंबड्यात येऊन जा कधी."

* * *

मग झालं रेशनचं गोदाम. इथे शांताबाईंचा किस्सा.

शांताबाई भाजी विकतात. कोंबड्यासमोरच रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसतात, भेदरं म्हणजे टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, अन् पालक. लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. घरात थोरल्या, पाठची पाच भावंडं सांभाळायची होती, कोण पाठवणार?

रेशनची रांग लागायची ती शाळेच्या जुन्या पहिलीच्या वर्गातून. भिंतीवर रंगवलेली मुळाक्षरं तशीच होती, अक्षराखाली चित्र. रांग हळू सरकायची. शांताबाई क-कमळापाशी उभ्या राहत, मग ख-खटाऱ्यापाशी, मग ग. महिन्यामागून महिने. कोणी शिकवलं नाही, पण बाई वाचायला लागल्या.

पुढे मी समोरच्या खोलीत वाचनालय सुरू केलं, तिथे एक दिवस त्या आल्या अन् पेपर मोठ्याने वाचू लागल्या. मी चकित! पण वाचता वाचता मध्येच थांबायच्या, एखादं अक्षर ओलांडून पुढे जायच्या. मी म्हटलं, "शांताबाई, हे ड, हे ढ. येत नाही का?"

"ठ पावतर शिकली मी, मंग थेट त," त्या म्हणाल्या. "मधात गहू होता."

भिंतीच्या मधल्या भागावर पोत्यांची थप्पी होती ना! फक्त दिवाळीच्या आधी गहू उठायचा तेव्हाच काय ते ड-ढ-ण दिसायचे. ती अक्षरं नंतर मी शिकवली. पण आजही एखादा शब्द अडला की त्या म्हणतात, "हे गव्हामागचं दिसते."

* * *

गोदाम गेलं अन् लग्नाच्या मोसमात कोंबडा जानोशाला मिळू लागला, म्हणजे वरातीची माणसं उतरवायला. उकंडराव आमच्याच गल्लीतले, जन्माचे साधे. त्यांनी मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत छापलं, 'जानोसा : कोंबडा, बस स्टँडसमोर'.

मुलाकडचे नगर भागातले, घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ. मुलाच्या काकांचा फोन आला. आवाज चढलेला. "आमच्या घराण्यात कोंबडा चालत नाही, आधीच सांगून ठेवतो."

"इथं बी चालत नाई जी," उकंडराव म्हणाले. "इंग्रजाच्या काळापासून एकाच जागी उभा आहे."

मग काकांनी विचारलं, "अहो, मग करता काय त्याचं?"

"काई नाई. पाहुणे झोपवतो त्याच्यात."

लग्न मोडता मोडता राहिलं. माझे हे स्वतः नगरला जाऊन इमारतीचा फोटो दाखवून आले.

* * *

कोरोनात बाहेरगावाहून येणाऱ्यांना आधी कोंबड्यात ठेवायचे. पुण्याहून आलेला एक जण मामाजींचाच विद्यार्थी, दोनदा एकाच वर्गात बसलेला. खिडकीच्या गजातून बायकोला ओरडून सांगत होता, "नापास झालो तवा बी इतके दिवस नाई ठेवलं मले इथं!"

एवढाच किस्सा. पण त्या दिवसांत हसू येणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

* * *

आता जे सांगते ते किस्सा आहे की नाही मला माहीत नाही.

आत्याबाई गेल्या अन् मामाजी विसरू लागले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग माणसं. आमच्या ह्यांना ते "तुमी कोठचे?" विचारतात. मला मात्र सूनबाई म्हणतात, ते कसं राहिलं त्यांच्या डोक्यात कोण जाणे. मी त्या एका शब्दावर दिवस काढते.

अन् एक गोष्ट ते विसरले नाहीत. संध्याकाळ झाली की त्यांना घरात राहवत नाही. काठी घेतात अन् कोंबड्याकडे निघतात. मी वाचनालय बंद करून मोठ्या दाराला कुलूप लावायला जाते अन् ते माझा हात धरतात. "थांब सूनबाई. आत पोरगं राह्यलं आहे."

पहिल्या दिवशी मी समजावलं. मामाजी, आता शाळा नाही, कोणी नाही आत. ते ऐकेनात. शेवटी दोघं मिळून एकेक खोली पाहिली. कोणी नव्हतं. ते म्हणाले, "गेलं असन मग." पण चेहरा काही सुटला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता हा आमचा रोजचा नेम झाला आहे, खोल्या पाहायच्या अन् मग कुलूप. कुलूप लावताना ते दर वेळी म्हणतात, "अजून नोको लावू." मी लावते अन् मला चोरी केल्यासारखं वाटतं.

एकदा खरोखरच आत माणूस निघाला! कोणत्या तरी पक्षाचा कार्यकर्ता दुपारी उन्हाचा येऊन मागच्या खोलीत झोपला होता. मी दचकले. मामाजींनी वाकून त्याचं तोंड पाहिलं अन् मला म्हणाले, "हा नाई. याले मिशा आहे."

ते पोरगं कोण, हे आम्हाला समजायला वेळ लागला नाही. आमचे हे जाऊन सुदामभाऊंना घेऊन आले. सुदामभाऊ आले, अध्यक्ष असले तरी दारात चपला काढून मामाजींच्या समोर जमिनीवर बसले. "गुरुजी, मी सुदाम. मी तवाच घरी गेलतो. बापानं नेलतं मले."

मामाजींनी त्यांचे पांढरे केस पाहिले, मिशा पाहिल्या, खादीचा कुर्ता पाहिला. मग हात जोडून म्हणाले, "बसा साहेब. पोरगं लहान आहे हो. चौथीतलं."

सुदामभाऊ चहा न पिता गेले. तेव्हापासून त्यांनी तो किस्सा कुठे सांगितला नाही.

मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही मामाजींना माझ्या नणंदेकडे पिपरी मेघेला ठेवून पाहिलं. फ्लॅट छान, हवेशीर. पण संध्याकाळी ते जिन्यावरून खालीवर करायचे अन् दिसेल त्याला किल्ली मागायचे. जेवण सोडलं. नणंद फोनवर रडली. परत आणलं अन् त्याच संध्याकाळी कोंबड्याच्या खोल्या पाहून आल्यावर ते पोटभर जेवले.

* * *

अन् मग कळलं की कोंबडा पाडणार आहेत.

पाडून तिथे भाजीवाल्यांसाठी गाळे अन् ओटे बांधायचे. ठराव मांडणारे सुदामभाऊच. मला संताप आला. मी सरळ त्यांच्या घरी गेले अन् अंगणात उभी राहून जे मनात होतं ते सगळं बोलले. माणूस ऐकत राहिला.

"वयनी, गुरुजीचं मले बी दिसते," ते म्हणाले. "पण माहा बाप जन्मभर उन्हात बसून वांगे विकला. शांताबाई अजून बसून राह्यली. तिले काय सांगू मी?"

मी तिथून तडक स्टँडवर आले. शांताबाईंना विचारलं तर त्या पालकाची जुडी बांधत म्हणाल्या की सावली मिळाली तर कोणाला नको आहे. मग जुडी बाजूला ठेवून विचारलं, "पण त्या अक्षराच्या भिंतीचं काय करतीन?" त्याही दोन्हीकडून बोलत होत्या. खरं सांगायचं तर मीही तशीच होते. मला ओटेही हवे होते अन् कोंबडाही. पण रात्री पाठ टेकली की एकच प्रश्न यायचा, कोंबडा गेला तर ह्या माणसाने संध्याकाळी जायचं कुठे? मोकळ्या मैदानात तो कोणत्या खोल्या पाहणार?

सभा ठरली. नगरपंचायतीच्या सभागृहाला रंग देणं सुरू होतं, म्हणून सभा कुठे? कोंबड्यात! ज्याला पाडायचं त्याच्याच पोटात बसून. त्यातही चौथीच्या जुन्या वर्गात, कारण तिथला पंखा चालतो.

मी मामाजींना म्हटलं, आज घरीच बसू. त्यांनी काठी घेतली. मी पाठोपाठ निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. वर्गात सगळे सभासद खुर्च्यांवर. ओसरीवर शांताबाई, उकंडराव, अर्धं गाव. सुदामभाऊ ठराव मांडायला उठले, माईक हातात घेतला, अन् तो माईक असा किंचाळला की ओसरीवरची कुत्री पळाली. भाड्याने आणलेलं मशीन कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेलं. सुदामभाऊ स्वतःच तिकडे गेले, मशीनपाशी उकिडवे बसले, कुठली तरी कळ फिरवली. ते आणखी जोरात किंचाळलं. सुदामभाऊंनी दोन्ही हातांनी कान धरले.

तेवढ्यात कोणी तरी बटण बंद केलं. एकदम शांत झालं. अन् दारात मामाजी उभे होते.

ते कोपऱ्याकडे पाहत होते. कोपऱ्यात कान धरून कोणी तरी बसलेलं. त्यांची काठी हातातून पडली. ती उचलायलाही ते थांबले नाहीत. खुर्च्यांमधून वाट काढत सरळ गेले अन् त्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला.

"सुदाम," ते म्हणाले, "अजून बसलाच आहेस काय रे बाबा तू?"

सुदामभाऊंनी वर पाहिलं. कान सोडले नाहीत.

"उठ. उठ बाबा. चुकलं माहं. उठ आता."

सुदामभाऊ भिंतीला धरून हळूहळू उठले. गुडघे वाजलेले मला दारात ऐकू आले. मग लहान आवाजात त्यांनी विचारलं, "घरी जाऊ गुरुजी?"

"जा. तुहा बाप वाट पाहून राह्यला असन."

सुदामभाऊंनी वाकून मामाजींचे पाय धरले. मग डोळे पुसत, कोणाकडेही न पाहता, वर्गातून निघाले. ओसरीवर चपला घातल्या, पायऱ्या उतरले अन् खरंच घरी गेले. ठराव तिथेच टेबलावर राहिला.

मामाजी माझ्याजवळ आले. शांताबाईंनी काठी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी लग्नानंतरच्या त्या भरल्या वांग्याच्या दिवसानंतर पाहिला नव्हता. आम्ही मोठ्या दाराबाहेर आलो. आज त्यांनी बाकीच्या खोल्या पाहिल्या नाहीत.

"सूनबाई," ते म्हणाले, "लाव आता कुलूप."

आत सगळे सभासद बसलेले होते.

मी लावलं.